वैशाखात अंगण घरातच असतं

मळा, नरडाणा
४ मे

चि. प्रशील,

जयभीम. आशीर्वाद देते, पण राग आहे तो आहेच.

पत्र का लिहिते म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक गोष्ट काढते, तू मधेच “आजी, आवाज तुटतोय” म्हणतोस. कागदावर मधे तोंड घालता येत नाही, म्हणून कागद. विहारातल्या रात्रीच्या शाळेत शिकलेली अक्षरं आहेत, वेलांटी इकडची तिकडे झाली तर समजून घे. पोस्टमन नरडाण्याहून येतो तेव्हा त्याच्याच हातात देते, पेटीचा भरवसा नाही.

हल्ली तर तू फोनही करत नाहीस, भिंतीवरून बोलतोस. काल मी चुलीपाशी बसले होते, वरून आवाज आला, “आजी, गोळी घेतली का?” मी उत्तर दिलं नाही. भिंतीला उत्तर देणारी बाई मी नाही. सविता शेजारी पीठ मळत होती, ती दचकली आणि म्हणाली, “आजी, देव बोलना वाटस.” मी म्हटलं, आपल्या घरात देव नाही, हा पुण्याचा इंजिनियर आहे. देव असता तर त्याला कळलं असतं की गोळी जेवणानंतर असते.

पाहुण्यांच्या सामानावर लक्ष राहावं म्हणून कॅमेरे लावले म्हणालास. ठीक. एक फाटकाला आहे, तिथं गाड्या लागतात, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण दुसरा अंगणात माझ्या खाटेच्या डोक्यावर का? माझ्या खाटेत कोणाचं सामान आहे? आणि तिसरा मागं, गोठ्याच्या भिंतीला. त्याचं तोंड परवापासून आभाळाकडे झालंय. माकडानं केलं. मला विचारू नकोस.

तुझा बाप, माझा गुलाब गेल्यावर तू मळ्यात या दोन खोल्या बांधल्यास, मोबाईलवर फोटो टाकलेस आणि लोक सुटीला राहायला येऊ लागले. चांगलं केलंस. मला माणसांची सोबत झाली, सविताच्या हाताला काम मिळालं. पण खोल्या बांधल्यास त्या पुण्याच्या डोक्यानं. वर स्लॅब, समोर एवढी मोठी काच. या दिवसांत आत पाय ठेवला की चुलीत ठेवल्यासारखं होतं. लाइट गेली की पंखा बंद, कूलर बंद, आणि तुझा कॅमेरा मात्र इन्व्हर्टरवर चालू. माणूस उकडून निघाला तरी चालेल, तो उकडताना दिसला पाहिजे, असा तुझा हिशोब आहे का?

धुळ्याचं एक कुटुंब येणार आहे. सासू, मुलगा, सून, तान्हं बाळ. रात्री त्यांना अंगणातच झोपवणार आहे. खाटा कसून घेतल्या आहेत.

तुझ्या फ्लॅटातून मी न सांगता निघून आले, म्हणून तू रुसलास. दिवाळीला आला नाहीस, जयंतीलाही आला नाहीस. अरे, तिथं बाराव्या मजल्यावर मला माती दिसेना. लिफ्टमधल्या बाया माझ्याकडे बघून मोबाईलमध्ये बघायच्या. सांगितलं असतं तर तू सोडलं नसतंस. यात रुसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

कैरीचं लोणचं घातलंय. पाठवणार नाही. येशील तेव्हा खा.

तुझी आजी,
पार्वताबाई


मळा
१० मे

प्रशील,

बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

तू त्या सकाळी भिंतीवरून एक वाक्य बोललास आणि मग तुझा आवाज बंद झाला. इकडे काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसणार. मी सांगते.

ते धुळ्याचे लोक आले. हमीदाबी, तिचा मुलगा दानिश, सून अलफिया. दानिशचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. आल्या आल्या त्यानं आपला कूलर उघडला, आतलं गवत बदललं, पैसे विचारले तर म्हणाला, “आजी, मला गप्प बसता येत नाही.” सून हसरी. मी शेवभाजी केली तर तिखटानं नाक पुसत पुसत दोनदा वाढून घेतली. हमीदाबी मला अक्का म्हणायला लागली. दिवसभर माणसं घरची वाटली.

संध्याकाळी लाइट गेली. मी आणि सवितानं खाटा बाहेर ओढल्या. पुरुषांच्या निंबाखाली, फाटकाकडे. बायकांच्या माझ्या चुलीकडे. मधे दोरीला माझं जुनं लुगडं टाकलं, म्हणजे आडोसा झाला. हमीदाबी म्हणाली, “अक्का, तुम्ही चांगला विचार केला.” मलाही वाटलं, केला. वर बघायचं मला सुचलं नाही. तुझा डोळा आडोशाच्या बायकांच्या बाजूला होता.

पहाटे, उजाडत होतं तेव्हा, अलफिया खाटेवर बसून बाळाला पाजत होती. उकाडा एवढा, ओढणी बाजूला ठेवलेली. आणि वरून तू बोललास, “आजी, फाटक उघडं राहिलंय.”

पोरीनं बाळ छातीशी आवळलं तसं ते रडायला लागलं. हमीदाबीनं तिच्या अंगावर गोधडी टाकली, त्या उकाड्यात, आणि स्वतः तिच्यासमोर उभी राहिली. लुगड्याच्या पलीकडून दानिश विचारतो, “अम्मी, कोण बोललं?” मला बोलता येईना, आणि मला बोलता आलं नाही असं कधी झालेलं तुला आठवतं का?

मग दानिश आडोशाच्या अलीकडे आला. स्टुलावर चढला. त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, “आजी, हा रातभर चालू होता?” मी म्हटलं, बाबा, लाइट नव्हती. तो म्हणाला, “हा इन्व्हर्टरवर आहे.” ओरडला नाही. ओरडला असता तर मी पण ओरडले असते, बरं पडलं असतं.

चहा न घेता निघाले. पुऱ्या तळून ठेवल्या होत्या त्या तशाच राहिल्या. गाडीत बसताना हमीदाबी माझ्याजवळ आली. म्हणाली, “अक्का, मी बुरखा काढून झोपले होते. परक्या घरात मी कधी झोपत नाही तशी. तुमचं घर म्हणून.” एवढंच बोलली.

ते गेल्यावर मी झाडूचा दांडा घेतला आणि तुझा डोळा भिंतीकडे फिरवला. आता तुला चुना दिसत असेल. बघत बस.

तू वाईट नजरेनं बघितलंस असं मी म्हणत नाही. तुला मी वाढवलंय, माझ्या हातचं मला माहीत आहे. पण त्या पोरीला तू कोण हे काय माहीत? तिच्यासाठी तू भिंतीतला पुरुष आहेस.

आजी


मळा
१५ मे

चि. प्रशील,

परवा पौर्णिमा झाली. विहारात खीर केली होती. तुझ्या वाटची सविताच्या पोरींनी खाल्ली.

सविताच्या फोनवर तू माझ्याशी बोललास, बरं केलंस. दरवेळी मोठ्यानं बोलतोस तेव्हा तू घाबरलेला असतोस, लहानपणापासूनचं आहे. तू म्हणालास, पहाटे मी उठले का ते बघायला मोबाईल उघडतोस, त्या दिवशीही उघडलास, अंधुक होतं, फाटक तेवढं दिसलं. मी विश्वास ठेवला. रोज उठल्याबरोबर माझी खाट बघतोस हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं आठवड्यातून एकदा बघत असशील, हप्त्याच्या बाजारासारखं.

पण पुढं तू जे म्हणालास ते मला पटलं नाही. तू म्हणालास, “आजी, कॅमेरा बाहेरचा आहे. बाहेरचा चालतो. साइटवर लिहिलंय, बाहेर कॅमेरे आहेत म्हणून. आत एकही नाही.”

नोटीस आली आहे. धुळ्याच्या वकिलाची, तुझ्या नावानं मळ्याच्या पत्त्यावर. सवितानं वाचून दाखवली. तिला अवघड शब्द अडतात आणि मला ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा वाचली. त्यात काय आहे ते माझ्या भाषेत सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यात शिरेल.

वकील म्हणतो, बाहेर कॅमेरा लावा, कोण नको म्हणतं. फाटकाला लावा, गाड्यांवर लावा, पाटी लावा, येणाऱ्याला आधी नीट दाखवा. पण तुम्ही तुमच्या जाहिरातीतच खाटांचा फोटो टाकलाय आणि खाली लिहिलंय, खान्देशी पद्धतीनं अंगणात चांदण्याखाली झोपा. मग ते अंगण बाहेरचं कसं? ती झोपायची खोली झाली. झोपायच्या जागेत, बाईमाणूस अंगावरचं सैल करून बसतं तिथं, न सांगता चित्र घेणं गुन्हा आहे. आणि नुसतं चित्र नाही, बोलणंही ऐकू येतं, त्याबद्दल तर तुमच्या साइटवर चकार शब्द नाही.

तूच लिहिलंस रे ते चांदण्याचं. मला वाचून दाखवलं होतंस, तेव्हा मला गंमत वाटली होती, यात लिहिण्यासारखं काय आहे म्हणून. अख्खा जिल्हा वैशाखात बाहेर झोपतो. घर म्हणजे भांडी ठेवायची जागा. माणसं अंगणात राहतात, तिथंच बाळंतीण पाजते, तिथंच म्हातारी पाय उघडे टाकून तेल लावते. तू इथंच वाढलास. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचास, रात्री लाथा मारायचास. पुण्याला गेलास आणि तुझं अंगण बाहेर गेलं.

आता दुसरं. ही नोटीस वाचता वाचता सविता मधेच थांबली. मी म्हटलं, अडलं का? तर ती रडत होती. ती रडणारी बाई नाही, नवरा वारला तेव्हाही कामाला आली होती. म्हणाली, “आजी, त्या मागला डोयाले मनी न्हाणी दिसस.”

तिची न्हाणी आपल्या गोठ्याला लागून, वर छप्पर नाही. तुझा तिसरा कॅमेरा तिथं लागला तेव्हापासून ती अंगावर लुगडं ठेवून न्हाते. तिच्या पोरीही. बाजूला बांबू रोवून तिनं पोतं टांगलं होतं, ते मी बघितलं होतं, मला वाटलं वाऱ्यासाठी. आणि त्याच बांबूनं तिनं कॅमेरा आभाळाकडे केला, तेही मी बघितलं होतं. माकड म्हणून मी तुला लिहिलं. तिला वाचवायला लिहिलं, पण तिला असं का करावं लागलं हे विचारलं नाही.

मी म्हटलं, इतके दिवस बोलली का नाहीस? म्हणाली, “तुमना प्रशीलनी लावेल शे. मना पोट तुमना चुलीवर. कशी बोलू?”

यावर तुला काय म्हणायचं असेल ते तू म्हण.

तर मी असं केलंय. चिंधा वायरमनला बोलावून अंगणातला आणि मागचा, दोन्ही उतरवले. पत्र्याच्या डब्यात आहेत, तांदळाच्या वर. फाटकाचा ठेवलाय. त्याचा बोलायचा भोंगा चिंधानं बंद केला. फाटकाला पाटी लावली, चिंधाच्या पोरीच्या अक्षरात: इथं कॅमेरा आहे, फक्त रस्ता आणि गाड्या दिसतात. खरंच तेवढंच दिसतं ना, हे बघायला मी सविताला बाहेर उभं केलं आणि चिंधाच्या मोबाईलवर बघून खात्री केली.

त्यांनी काही केलं तर वकील लावून भांडतो, असं फोनवर म्हणालास. भांडू नकोस. त्यांनी पोलिसात दिलं तर नाव तुझं लागेल. तुझा परदेशाचा कागद होतोय म्हणालास, तो अडकेल, आणि तू म्हणशील आजीच्या खाटेपायी अडकला. मी धुळ्याला जाऊन येते. तू मधे फोन करून घोळ करू नकोस.

आजी


मळा
२१ मे

चि. प्रशील,

जाऊन आले.

सविताला बरोबर घेतलं होतं. नरडाण्याहून बस मिळाली, बसायला जागा नाही. एक कॉलेजचा पोरगा उठला नाही, त्याला मी सांगितलं तेव्हा उठला. दानिशचं दुकान विचारत विचारत घर सापडलं. दारात कूलरांची खोकी, आत जाताना अंग चोरून जावं लागतं.

हातात काही न्यावं का नाही, याचा मी विचार केला होता. लोणच्याची बरणी काढली आणि परत ठेवली. चूक मिटवायला लोणचं नेलं असं वाटलं असतं. रिकाम्या हातानं गेले.

हमीदाबीनं दार उघडलं. म्हणाली, “अक्का, उन्हाच्या कशाला आल्या? या, बसा.” पाणी दिलं. पंखा माझ्याकडे वळवला. मी म्हटलं, मी बसायला नाही आले, ऐकायला आले. तुम्हाला काय बोलायचं ते बोला. ती म्हणाली, “बोलायचं ते तिथंच बोलले.”

मी काय घडलं ते सांगितलं. तू रोज माझी खाट बघतोस हे सांगितलं. कॅमेरे उतरवले, पाटी लावली हे सांगितलं. तू चांगला आहेस असं सांगितलं नाही. आजी सांगणारच, त्याला काय किंमत आहे?

दानिश दुकानातून आला. तो म्हणाला, “आजी, तुमच्याशी आमचं भांडण नाही. वकील म्हणतो तक्रार द्या, सोपी केस आहे. पण बायकोचं नाव ठाण्यात चार माणसं वाचतील, तेही मला नको. मला एवढंच पाहिजे की ती रात्र कुठंच राहू नये. त्याच्या मोबाईलमध्ये नको, आणि ते वर कुठं साठवतात तिथंही नको. व्हिडिओ कॉलवर आमच्यासमोर पुसू दे, लिहून दे, संपलं.”

मला हायसं वाटलं. खरं सांगते, उठायला गुडघ्यावर हात ठेवला होता.

तेवढ्यात आतून अलफिया आली. बाळ कडेवर. मला सलाम केला आणि नवऱ्याला म्हणाली, “फोनवर नको.”

दानिश म्हणाला, “अगं, पुण्याहून कुठं येतो तो?”

ती म्हणाली, “त्यानं मला पाहिलं. मी त्याला नाही पाहिलं. बाळाला पाजायला बसले की अजून वर बघते मी, भिंतीकडे. घरात, माझ्या घरात. त्याला इथं बसू दे माझ्यासमोर. मला बघू दे कोण आहे तो. मग पुसू दे.”

पोरीचा आवाज चढला नव्हता. बाळ माझ्या चष्म्याकडे हात करत होतं.

प्रशील, ती जे बोलली ते मला नवं वाटलं नाही. गेली दिवाळी, त्याच्या आधीपासून, तू मला रोज बघतोस. उठले का, गोळी घेतली का, कोणाशी भांडले का. मी तुला बघितलेलं नाही. केस गळाले म्हणतोस, कुठं गळाले? वजन वाढलं का? मला काहीच माहीत नाही. त्या पोरीनं माझ्या मनातलं माझ्यासमोर बोलून टाकलं, आणि तिला ते कळलंही नाही. चहा आला तो प्यायले. सविता तेवढी माझ्याकडे बघत होती, तिला सगळं कळतं.

मग मी म्हटलं, येईल. येत्या रविवारी येईल.

तुला विचारलं नव्हतं. विचारायचं कारण मला दिसलं नाही. दानिश म्हणाला, “आजी, नक्की?” मी म्हटलं, माझा नातू आहे, भिंतीवरून बोलतो पण खोटं बोलत नाही.

निघताना हमीदाबीनं सवितालाही हात धरून पाणी पाजलं आणि विचारलं, तुझं काय गं? सवितानं न्हाणीचं सांगितलं. मला वाटलं नव्हतं ती सांगेल. हमीदाबी बराच वेळ तिचा हात सोडेना. म्हणून तुला सांगते, नुसतं धुळ्याचं पुसून होणार नाही. मागच्या कॅमेऱ्यात जे काही असेल ते सविताच्या समोर पुसायचं. तिच्या घरी जाऊन, तिच्या ओट्यावर बसून. ती “राहू द्या भाऊ” म्हणेल. राहू द्यायचं नाही.

रविवारी आधी धुळ्याला उतर. इकडे येऊन मग जातो म्हणू नकोस, इकडे आलास की जेवशील, जेवलास की झोपशील. त्यांच्या घरी शर्ट नीट घालून जा. आत गेल्यावर मोबाईल खिशातून काढून समोर ठेव आणि ती सांगेपर्यंत हातात घेऊ नकोस. ती तुझ्याकडे बघेल. खाली बघू नकोस, बघू दे तिला. माफी मागायची ती लांबण लावून नको. “अंगण घरातच होतं, मला कळायला पाहिजे होतं” एवढं म्हटलंस तरी पुरे. दानिश चहा देईल, तो घे. नाही दिला तर वाट बघत बसू नकोस.

मग नरडाण्याची बस धर. घरी रागवायचं असेल तर रागव, पुण्याला चल म्हणायचं असेल तर म्हण. मी येणार नाही, पण तू म्हण. माझी तब्येत बघायची असेल तर दर महिन्याला येऊन बघ, बस काय महाग आहे? आणि मधल्या दिवसांत फोन कर. मी एक गोष्ट काढली की ती संपू दे, मग बोल.

रात्री खाटा अंगणात टाकीन. तुझी माझ्या शेजारी नाही, लाथा मारतोस. निंबाखाली टाकीन.

फाटकाचा कॅमेरा रविवारी दुपारी चिंधाकडून बंद करून घेणार आहे. मग तुला मोबाईलवर बघण्यासारखं काही उरणार नाही. मी फाटकात उभी असेन. त्या दिवशी बघायचं काम माझं आहे.

तुझी,
आजी